माझ्या अंगावरचा दुसरा पाच

मित्रांनो, मी पाच रुपयांचा एक जुना, जाडजूड ठोकळा आहे. दुर्मीळ वगैरे नाही, हे आधीच ठणकावून सांगतो.

टांकसाळीत माझ्यावर ठसा बसताना साचा जरासा हलला आणि माझ्या पाचाला लागून दुसरा पाच दिसू लागला. कुणाचं काय बिघडलं? मी वर्षानुवर्षं राबलो. रेवसच्या धक्क्यावर चहाला चाललो, पावाला चाललो. मग नारळाच्या वाडीचे मालक बापू यांच्या हाती पडलो. कुणी प्रवासी त्यांना म्हणाला, "दुहेरी आकडा? लाखांत जाईल!" झालं! माझी रवानगी थेट देव्हाऱ्यातल्या ताम्हणात. येताजाता मला नमस्कार. त्या नमस्काराची मला भारी चीड येई.

परवा सणाआधी त्यांच्या पत्नी गोदावरीकाकूंनी देवाची भांडी कोकमाने घासली आणि ताम्हणातल्या मलाही लख्ख केलं. बापूंनी ते पाहून घर डोक्यावर घेतलं.

"गोदा, काय केलंस ह्ये! जुनं नाणं घासतात व्हय? घासलं की मोल जातं! लाखाची माती केलीस!"

"देवाजवळचं काळं कसं ठेवू?" काकू एवढंच बोलल्या. दुपारी जेवल्या नाहीत. मला तोंड असतं तर बापूंना चांगलंच फैलावर घेतलं असतं.

संध्याकाळी शेजारची मैत्री आली. ती शाळेत शिकवते आणि नाणी जमवते. तिने मला भिंगाखाली धरलं.

"काका, साच्यावरच आकडा दोनदा उमटला असता, तर नाणं मोलाचं ठरलं असतं; पण मग दोन्ही पाच गोलसर, उठावदार दिसले असते. आकड्याच्या कोपऱ्यात खाचही असती. हा दुसरा बघा, सपाट पायरीसारखा आहे. मूळ पाच त्या बाजूने चेपून बारीक झालाय. ठसा मारताना साचा हलला, एवढंच. झिजलेल्या साच्याचे आकडेही असेच फसवतात, पण ते सुजल्यासारखे दिसतात. यात लाख नव्हतेच. मग काकूंनी घालवलं काय?"

बापूंनी स्वतः उठून काकूंचं ताट वाढलं.

"जेव गो. चुकलं माझं."

मित्रांनो, मला हवं तर भिंगाने बघा, पण नीट बघा. माझ्यात नसलेलं मोल माझ्यावर लादून घरच्या माणसाला उपाशी ठेवू नका.

दुसऱ्या दिवशी काकूंनी धक्क्यावर वेणी घेतली आणि सुट्ट्या पैशांत मलाही दिलं. वेणीवालीने मला उलटून पाहिलंही नाही. मी पाच रुपये होतो, आणि पाच रुपये म्हणूनच ताठ मानेने तिच्या बटव्यात गेलो.