बत्तीस तासांची ड्युटी

मुलुंडच्या त्या सोसायटीत चार टॉवर, अकरा सिक्युरिटी गार्ड आणि त्या अकरांवर सुपरवायझर म्हणून चंद्रप्रकाश परब. पलटणीतून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती, तरी सोसायटीची माणसं त्यांना सुभेदारच म्हणत. बायको, रत्नप्रभा, दोन वर्षांपूर्वी गेली. मुलगी श्रुतिका लग्न होऊन नागपूरला. म्हणून परब सुट्टीच्या दिवशीही गेटवर येत. घरी बसून करणार काय?

यंदा सव्वीस जानेवारीला सेक्रेटरी रुचिरा मॅडम म्हणाल्या, "सुभेदार, झेंडावंदन झालं की दुपारी तीनला क्लबहाउसमध्ये अर्धा तास बोला ना. लीडरशिपवर. फौजेत काय शिकलात ते."

परबांनी चार दिवस तयारी केली. घरात भिंतीसमोर उभं राहून बोलून पाहिलं. इतकं सलग आपण रत्नप्रभा गेल्यापासून बोललोच नव्हतो, हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं.

भाषण झकास झालं. "बर्फातल्या चौकीवर नियम होता," ते म्हणाले, "संध्याकाळी हवालदारानं आपल्या जवानांचे बूट काढायला लावायचे. एकेकाचे पाय हातात घेऊन बघायचे. मोजा ओला आहे का, बोट काळं पडतंय का. मग जवान जेवणार. हवालदार सगळ्यांच्या शेवटी." लोकांनी टाळ्या वाजवल्या. चहा झाला, फोटो झाले.

ते खाली उतरले तेव्हा गेटवर गलका होता. बी विंगचे आजोबा, ज्यांना हल्ली स्वतःचं घरही आठवत नसे, एकटेच बाहेर पडले होते. गेटवरच्या जयंतीला खुर्चीत डुलकी लागली होती.

सहाच्या सुमाराला आजोबा चेकनाक्याजवळच्या बसस्टॉपवर सापडले. एका पायात चप्पल नव्हती, बाकी सुखरूप होते. पण त्या तीन तासांत त्यांच्या सुनेनं रडून जीव अर्धा केला होता.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात कमिटी बसली. एजन्सीचा नितेश आला होता. आत जाण्याआधी त्यानं परबांना बाजूला घेतलं. "काका, तुम्ही काही बोलू नका. बाईला आजच काढतो, विषय संपला."

परबांना ठाऊक होतं ते नितेशला ठाऊक नव्हतं. जयंती परवा सकाळी सातला ड्युटीवर आली होती. रात्रीचा गार्ड आला नाही म्हणून परबांनीच तिला थांबवलं. सकाळचाही आला नाही. "साहेब, घरी जाऊन अंघोळ करून येते, दोन घास खाते," ती म्हणाली होती. "झेंडावंदन होऊ दे, मग बघतो," असं म्हणून ते खिशातला भाषणाचा कागद चाळत पुढे गेले होते. नंतर बघायचं राहून गेलं.

भाषणात त्यांनी एक गोष्ट सांगितली नव्हती. त्या बर्फातल्या चौकीवर एका संध्याकाळी, तेव्हा हवालदार असलेले परब दमले होते आणि त्यांनी पाय बघितले नव्हते. त्या रात्रीनंतर एका जवानाची दोन बोटं कापावी लागली. कमांडिंग ऑफिसरनी जाब विचारला तेव्हा सुभेदार भिकाजी दळवी पुढे झाले. "साहेब, चौकी माझी. चूक माझी." बाहेर आल्यावर दळवींनी मालवणीत एवढंच विचारलं होतं, "परबा, पाय कित्याक बघूक नाय रे?"

"गार्ड झोपते म्हणजे काय?" रुचिरा मॅडम म्हणत होत्या. "तिला ठेवून चालणार नाही."

परब उभे राहिले. हात आपोआप बाजूला ताठ झाले. "मॅडम, ती बत्तीस तास ड्युटीवर होती. मी उभी केली होती. सुट्टी मागितली, ती मी दिली नाही. काढायचं असेल तर मला काढा."

नितेशनं कपाळावर हात मारला.

कमिटीनं त्यांचं ऐकलं. जयंती राहिली, परब गेले. नितेशनं बाकीच्या गार्डना सांगितलं की परबांच्या हलगर्जीपणामुळे एजन्सीची लाज गेली. युनिफॉर्म परत करायला परब गेले तेव्हा गेटवरच्या दोघांनी मोबाईलमधून मान वर केली नाही. खरं तर नितेश खोटं काही बोलला नव्हता.

मग दिवस लांबले. श्रुतिकाचा रविवारी फोन येई. "बाबा, नोकरी कशीये?" "मजेत," परब म्हणत. सकाळी पाचला जाग येई, दाढी होई, सातपर्यंत सगळं आवरून होई. पुढचा दिवस तसाच पडून राही.

मार्चमध्ये भाजी मार्केटात जयंती समोर आली. हातात मेथीची जुडी होती. परबांनी नमस्कार केला. तिनं केला नाही.

"साहेब, मला डबल ड्युटी का लावलीत?" ती म्हणाली. "त्या दिवशी माझी मुलगी तापानं फणफणली होती. मी सांगितलं नाही, कारण तुम्ही ऐकूनच घेत नव्हता. आजोबांना काही झालं असतं तर? मी जन्मभर काय केलं असतं?"

"चुकलं माझं," परब म्हणाले.

तिला बहुधा दुसरं काही ऐकायचं होतं. तिनं मेथीची जुडी पिशवीत टाकली. "लोक सांगतात तुम्ही माझ्यासाठी नोकरी सोडली."

"तुझ्यासाठी नाही. खरं होतं ते सांगितलं."

"आता बारा तासांच्या वर कोणाला थांबवत नाहीत," जयंती म्हणाली. "रुचिरा मॅडमनी तसं लिहूनच घेतलंय."

"चांगलं झालं. मुलगी बरी आहे?"

"आहे." तिनं मान हलवली आणि गर्दीतून निघून गेली.

परबांनी पाव किलो वांगी घेतली. एकट्यासाठी तेवढी दोन दिवस पुरत. भाजीवाला म्हणाला, "काका, कोथिंबीर टाकू?" ते म्हणाले, "टाक," आणि तो पिशवी बांधेपर्यंत त्याला विचारत राहिले, गाव कुठलं, घरी कोण कोण असतं, दुपारचं जेवायला वेळ मिळतो का.