आधी गंध जातो

सकाळी साडेसहाला घणसोली गावातल्या एका भाड्याच्या खोलीत दूध उतू जाऊन करपलं. स्टोव्हपासून हातभर अंतरावर दाढी करत बसलेल्या हौसेरावाला वास आला नाही.

नळावरून धावत आलेली त्याची बायको रंगूबाई म्हणाली, “अवो, नाक साताऱ्याला ठिवून आलाय व्हय?”

हौसेराव हसला नाही. तळोज्याच्या केमिकल कारखान्यात तो पिंपं धुवायचा. पण आता त्याच्या मनात कारखाना आलाच नाही. अधिक महिना होता. घरमालक पंढरीशेठच्या ओटीवर रोज संध्याकाळी पोथी चाले. काल बुवांनी प्रलयाचा अध्याय लावला होता. पंचमहाभूतांच्या मुळाशी पाच तन्मात्रा, अगदी सूक्ष्म. प्रलयात सगळं उलट्या पावलांनी परत जातं. आधी पृथ्वीचा गंध, मग पाण्याचा रस, तेजाचं रूप, वाऱ्याचा स्पर्श, शेवटी आकाशाचा शब्द.

म्हणजे सुरुवात झाली होती.

त्याने साखर जिभेवर धरली. गोड लागली, पण पहिल्यासारखी? कामावर न जाता तो चिंच चोखत गल्लीत येरझारा घालू लागला. पंढरीशेठने हाक मारून कारण विचारलं आणि ते ऐकून मांडीवर थाप मारली.

“अरं, त्यो प्रलय ब्रह्मांडाचा हाय, तुज्या नाकाचा नाय! सर्दी झाली असंल.”

“सर्दी न्हाई, शेठ. नाक मोकळं हाय.”

दुपारी रंगूबाईने मुद्दाम पिठल्यात मीठ घातलं नाही. तो मुकाट जेवला आणि म्हणाला, “झ्याक झालंय.”

तिने ताट तसंच टाकलं आणि त्याला दवाखान्यात ओढत नेलं.

“कारखान्याच्या वाफेने नाक आतून सुजलंय,” डॉक्टर म्हणाले. “सध्या कामावर जाऊ नका. वास परत येईलही, नाहीही.”

“आन् डोळं कवा जातील?”

डॉक्टर हसणार होते. रंगूबाईचा चेहरा बघून थांबले.

संध्याकाळी पोथी सुरू झाली. हौसेराव ओटीवर बसला नाही. रस्त्यात उभा राहून, एकेक डोळा झाकत, समोरच्या दुकानाची पाटी बघत राहिला.

“दिसतंय न्हवं?” रंगूबाईने विचारलं.

“दिसतंय.”

“वाचा बगू.”

“कुंदन किराणा भांडार.”

रंगूबाईला अक्षर येत नव्हतं. आणि ती पाटी त्याला पाठ होती.