नत्थूजींच्या पानातलं मीठ

मित्रांनो, पवनारच्या एका स्वयंपाकघरात मागच्या फळीवर ढकलून दिलेली मी मिठाची जुनी बरणी आहे. वच्छलाबाई लग्न होऊन या घरात आल्या, त्यांच्याबरोबर मीही आले. झाकण केव्हाच फुटलं, पण माझ्या मिठावाचून इथे एकही पान वाढलं गेलं नाही, याचा मला कोण तोरा होता!

घरधनी नत्थूजी शेतकरी, आणि गप्पिष्ट असे की सोय नाही. धाम नदीतला मासा त्यांच्या तोंडी म्हशीएवढा व्हायचा. दर पावसाळ्यात एखादा नाग फणा काढायचा आणि यांनी डोळे वटारले की निमूट निघून जायचा. सून पौर्णिमा शाळेत इंग्रजी शिकवते. तिने एकदा जेवताना सांगितलं, की अशा बोलण्याला इंग्रज लोक म्हणतात, चिमूटभर मिठाबरोबर घ्या; म्हणजे सगळंच खरं मानू नका. फार जुन्या एका रोमन ग्रंथात विषावरचा उतारा दिलाय, त्यात शेवटी मिठाचा कण आहे, तिथूनच हे आलं म्हणतात.

नत्थूजींनाच ते भारी आवडलं. तेव्हापासून त्यांनी गप्पा सुरू केल्या, की वच्छलाबाई माझ्यातली चिमूट त्यांच्या पानात वाढायच्या. घर हसायचं. मीही हसायचे.

त्या दिवशी ते सोयाबीनच्या वावरातून आले, पानावर बसले आणि म्हणाले, "मले काहीतरी चावलं. साप असन."

पायावर खूण दिसेना. वच्छलाबाईंनी सवयीने चिमूट वाढली. सगळे हसले, तेही थोडे हसले. मग त्यांनी ते मीठ जिभेवर ठेवलं.

"अवं, हे मीठ खारट नाई लागून राह्यलं मले."

सगळ्यांचं हसू जागीच थिजलं. इकडची जुनी माणसं साप चावलेल्याला मीठ चाखायला देतात. चव लागली नाही, तर विष चढलं असं समजतात. नत्थूजींच्या पापण्या मिटायला लागल्या होत्या. पौर्णिमेने गाडी काढली, सावंगीच्या दवाखान्याकडे निघाले. नत्थूजी वाटेतच गेले. मला फार वाईट वाटतं, मित्रांनो. विष उतरवणारं म्हणून ज्याचं नाव सांगितलं, त्याच मिठाने इथे वेळ खाल्ला.

कुणी 'मला काहीतरी होतंय' म्हणालं, तर आधी उठा, दवाखाना गाठा. खोटं निघालं तर मग पोटभर हसा.

वच्छलाबाईंनी मला रिकामी करून मागे ठेवलं. घरच्यांच्या भाजीत त्या पुडीतलं मीठ घालतात. स्वतः मात्र अळणी जेवतात.