मिरची कांडपाची तक्रार

करणसिंगनं नवल पाटलांच्या घराशेजारच्या शेडमध्ये मिरची कांडायचं यंत्र बसवलं आणि त्याच हिवाळ्यात पाटलांचा दमा उठला. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं कालव्यांवर हिंडलेला माणूस, पण आता चार घास पोटात गेले की खोकत ताटावरून उठायचा. त्यांच्या बायकोनं, शोभाबाईंनी, खिडक्यांना ओल्या चादरी लावून पाहिल्या. तिखट तरी आत यायचंच.

शोभाबाई आधी करणसिंगकडेच गेल्या.

"काकू, मन्हाकडे परवाना शे," तो म्हणाला. भिंतीवर परवाना होताही, पण पिठाच्या गिरणीचा.

मग त्यांनी नगरपालिकेत अर्ज दिला. दीड महिन्यानं स्वच्छता निरीक्षक हेमकांत आला. शेडच्या दारातच त्याला शिंकांवर शिंका आल्या. रुमाल नाकाला लावून त्यानं पंचनामा लिहिला. "बाई, हे सरळ बेकायदा आहे," म्हणाला. शोभाबाईंनी त्याला चहा दिला. त्या दिवशी नवलभाऊ पहिल्यांदाच हसून म्हणाले, "दख, कायदा शे अजून."

सात दिवसांची नोटीस निघाली. करणसिंगनं मुदत मागितली, ती मिळाली. दुसरी नोटीस निघाली, तिला उत्तरच नाही. जूनमध्ये हेमकांत दोन कर्मचारी घेऊन आला आणि त्यानं शेडच्या शटरला सील ठोकलं. दोन दिवस गल्लीत शांतता होती. तिसऱ्या दिवशी मागच्या बाजूनं पुन्हा घरघर सुरू झाली. करणसिंगनं मागच्या भिंतीत दार पाडलं होतं.

शोभाबाई तडक कार्यालयात गेल्या. हेमकांतनं फाईल उघडून दाखवली. त्यात तपासणीचा शेरा होता : सील शाबूत आहे.

"शटरनं सील शाबूतच शे. मागला दारनं काय?"

"मागच्या दाराचा उल्लेख पंचनाम्यात नाही, बाई."

"मंग लिखा ना."

त्यानं फाईल मिटली. मग दाराकडे पाहत हळूच म्हणाला, "वरून सांगितलंय, आता तिकडे जाऊ नका. मला दोन लहान मुलं आहेत. मेमध्येच बदलीची धमकी मिळाली."

शोभाबाईंना त्याची कीव आली, आणि आपल्याला कीव आली याचाच राग आला.

ऑगस्टच्या शेवटी नवलभाऊंना दवाखान्यात नेलं. पाचव्या दिवशी ते गेले.

तेरावं झाल्यावर आठवड्याभरानं हेमकांत घरी आला. खुर्चीच्या काठावर बसून त्यानं एक छापील कागद पुढे केला. "एवढी सही लागते. चौकशी बंद करायची."

"वाचा."

"बाई, वाचायचं काय..."

"तुम्हीच वाचा."

त्याला वाचावं लागलं. "बाधित इसम मयत झाल्याने तक्रारीचे कारण उरले नाही. सबब प्रकरण निकाली काढण्यात यावे."

शेजारी यंत्र चालूच होतं. वाचता वाचता तो दोनदा खोकला.

"मी बी याच घरमा ऱ्हास," शोभाबाई म्हणाल्या. "मन्हं कारण नही का?"

"अर्ज त्यांच्या आजाराचा होता. तुमच्यासाठी नवा अर्ज द्यावा लागेल."

त्यांनी सही केली नाही. दुसऱ्या दिवशी स्वतःच्या नावानं अर्ज लिहून त्या नगरपालिकेत देऊन आल्या.

उत्तर तेवढं लवकर आलं, बारा दिवसांत. त्यात लिहिलं होतं की, सदर व्यवसायाच्या परवान्यात मसाला कांडपाचा समावेश गेल्या महिन्यात मंजूर झाला आहे, सबब तक्रारीत तथ्य नाही. खाली सही हेमकांतचीच होती.

शोभाबाईंनी ते पत्र दोन वेळा वाचलं. पुढच्या आठवड्यात माहेराहून, कळसाडीहून, त्यांचा भाऊ ट्रॅक्टर घेऊन आला, त्यात सामान भरलं. करणसिंग मदतीला आला, कपाटाचं एक टोक त्यानंच उचललं.

"काकू, घर इकनं व्हई ते पहिले माले सांगज्यात," तो म्हणाला. "गोडाऊनले जागा कमी पडी ऱ्हायनी."