दिवाणजींची गाठ

अधिक महिन्यात जावई हा नारायण असतो, हे हिम्मतरावांना मान्य होतं. पण नारायणानं खांद्याला बॅग लावून कॅप्सूल विकत फिरावं, हे त्यांनी कुठल्या पुराणात ऐकलं नव्हतं.

नव्याण्णव साली जेठ दोनदा आला. बरकतपुऱ्यात उन्हानं डांबर चपलेला चिकटत होतं, आणि हिम्मतरावांच्या घरात एकच विषय होता : दिवाणजींच्या मानेमागची गाठ.

दिवाणजी म्हणजे त्यांचा बोका. फाटकापाशी पोट पुढे काढून बसायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे असा बघायचा की, जणू सगळ्या गल्लीचा सारा त्यालाच वसूल करायचा होता. जन्म भूमापन खात्यात गेलेल्या हिम्मतरावांनी असे दिवाणजी पुष्कळ पाहिले होते. नाव त्यांनीच ठेवलं. वर्षभरापूर्वी दिवाणजींना साखर निघाली. हिमायतनगरच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी, मीना रेड्डींनी, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन टोचायला शिकवलं. बायको भाग्यलक्ष्मीबाई त्याला पदरात गच्च धरायच्या, हिम्मतराव टोचायचे. दुसऱ्या कुणी धरलं की दिवाणजी पंजा मारायचे. म्हणजे भाग्यलक्ष्मीबाईंनी हात आखडता घेतला की सुई कोरडीच राहायची.

गाठ बाईंनाच लागली, केस विंचरताना. त्यांनी ते फोनवर लेकीला सांगितलं, अपर्णानं ते नवऱ्याला सांगितलं, आणि रविवारी नवरा बॅग घेऊन हजर.

विवेक पुण्याचा, अमीरपेठेत कॉम्प्युटरच्या कंपनीत. पगार चांगला, पण त्यानं त्याचं पोट भरत नव्हतं. सरकारनं बाजाराची दारं उघडल्यापासून बाहेरून काय काय आत आलं त्याची गणती नाही. त्यातच एक साखळीवाली कंपनी आली होती. ताकदीच्या कॅप्सूल विकायच्या, विकणारे जोडायचे, त्यांनी आणखी विकणारे जोडायचे. विवेक त्या साखळीत कडीसारखा अडकला होता आणि त्याला वाटत होतं आपण दागिना झालो.

"बाबा, बेसिकली इन्सुलिन म्हणजे वाढीचं हॉर्मोनच समजा," तो सरबताचा पेला खाली ठेवत म्हणाला. "गाठ त्याच्यावरच पोसते. ही कॅन्सरची सुरुवात असते."

"हे तुम्हाला कुणी सांगितलं, विवेकराव?"

"आमच्या अपलाइननं. ज्यांनी मला जोडलं, त्यांनी."

"ते डॉक्टर आहेत?"

"डायमंड आहेत."

हिम्मतरावांनी चष्मा काढून पुसला. "डायमंड म्हणजे काय असतं?"

"त्यांच्या खाली चारशे लोक आहेत, बाबा."

"हां. म्हणजे वैद्यकीपण जहागिरीसारखीच झाली म्हणा की. ज्याची कुळं जास्त, त्याला अक्कल जास्त."

भाग्यलक्ष्मीबाईंनी डोळे वटारले. विवेक हसला, कारण ही थट्टा आहे असं त्याला वाटलं. थट्टा आणि तुच्छता यांतला फरक कळायला लागते ती गोष्ट कंपनीच्या डब्यात मिळत नव्हती.

त्यानं डबा काढला. लाल-पिवळ्या कॅप्सूल, वर डोंगर आणि उगवता सूर्य. "यात सगळी व्हिटॅमिन्स आहेत. कॅन्सरच्या पेशींना जवळ फिरकू देत नाहीत. सुई बंद करा, ह्या चालू करा. महिन्यात गाठ नाही राहणार."

"हे माणसांचं आहे ना?"

"शरीर ते शरीर, बाबा."

"मग उद्यापासून तुम्ही पंजानं तोंड धुवा," हिम्मतराव म्हणणार होते. पण तोवर बाईंनी त्यांना स्वयंपाकघराच्या दाराशी बोलावलं.

"अहो, वर्षभर काय बोलायचं ते बोला. हा महिना नक्को. धोंड्याचं जेवण व्हायचंय अजून. जावयाचा शब्द अधिकात मोडू नाही."

"आणि बोका मेला तर?"

"गाठ कॅन्सरची असली तर? सुईनंच वाढत असली तर? तुम्ही लिहून देता का, की नाही वाढत?"

लिहून देण्यासारखं हिम्मतरावांकडे काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते सुई भरून उभे राहिले, तेव्हा बाई तुळशीला पाणी घालत राहिल्या. सुई कोरडी राहिली.

कॅप्सूल मात्र दिवाणजी बिनतक्रार घेऊ लागले. हिम्मतरावांना ह्याचंच नवल वाटायचं. कडू गोळी दिली की बोका ती चार हात लांब थुंकायचा, आणि हे परदेशी औषध हा मिशा चाटत खातो! बाई ते सोवळ्यात, बोक्याला न शिवता, आतच द्यायच्या. हिम्मतरावांचा अधिकार मागच्या अंगणापुरता. तिथं वेगळ्या शेगडीवर ते दिवाणजींसाठी खिमा उकडायचे, आणि तेवढ्यासाठी त्यांना अंघोळ केल्याशिवाय घरात प्रवेश नसायचा.

पहिला आठवडा विवेकचा गेला. रोज संध्याकाळी फोन. "कसं वाटतंय? अंगावर तेज आलं ना?"

दुसऱ्या आठवड्यात दिवाणजी पाण्याचं भांडं एका दमात रिकामं करू लागले. जे प्यायचे ते कोपऱ्याकोपऱ्यात सोडायचे. मग एका सकाळी हिम्मतरावांनी पाहिलं, बोका मागच्या पायांच्या टाचा जमिनीला टेकवून चालत होता. फाटकापर्यंत जायला निघाला आणि अर्ध्या वाटेत बसला. गल्लीतून कुत्रं गेलं. त्यानं मान वळवली नाही.

बाईंनी फोनवर विचारलं. उत्तर लगेच आलं, जणू छापील होतं.

"विवेकराव म्हणालेत, आधी बिघडतं मग सुधरतं. शरीरातलं विष बाहेर पडू लागलंय."

"विष बाहेर पडतंय ते माझ्या चपलेत पडतंय!" हिम्मतराव ओरडले. "चल. टोपली घे."

डॉक्टरीणबाईंनी दिवाणजींना टेबलावर घेतलं, रक्ताचा थेंब तपासला आणि भुवया चढवल्या.

"क्या अंकल! इतनी शुगर? इन्सुलिन बंद करे क्या?"

हिम्मतरावांनी सगळं सांगितलं. गाठ, जावई, डायमंड. डॉक्टरीणबाई डब्यावरची बारीक अक्षरं वाचत होत्या.

"मांजराला मांस मिळालं की त्यातच बहुतेक सगळं मिळतं. ह्यातली काही व्हिटॅमिन्स त्याच्या अंगात साठून विष होतात. आणि कॅन्सर ह्यानं टळतो असं निदान मला तरी कुणी दाखवलेलं नाही," त्या म्हणाल्या. "पण साखर इतकी फक्त सुई बंद केल्यानं? आंटी, कॅप्सूल देता कशी?"

"पेढ्यातून," भाग्यलक्ष्मीबाई म्हणाल्या.

"पेढ्यातून," हिम्मतरावांनी पुन्हा म्हटलं. "साखरेच्या रोग्याला."

"मग काय करू? वरचं टरफल हाडाचं असतं म्हणे. विवेकरावच बोलले. अधिकात तसलं माझ्या स्वयंपाकघरात कसं चालेल? म्हणून टरफल काढते आणि भुकटी पेढ्यात मळते. काचीगुड्याचा पेढा आहे, साजूक."

"बाई, हा प्राणी मागच्या अंगणात खिमा खातो! परवा ह्यानं पायरीवर आख्खा उंदीर संपवला, शेपटीसकट!"

"ते बाहेर," बाई शांतपणे म्हणाल्या. "आणि टरफलाला मी हात नाही लावत. चिमट्यानं उघडते."

डॉक्टरीणबाईंनी तोंड फिरवून खोकल्यासारखं केलं. मग म्हणाल्या, "आंटी, बिल्ली को मीठा समझताच नहीं. तो मलईसाठी खातोय. सगळा सोहळा फुकट."

मग त्यांनी गाठ चाचपली आणि हिम्मतरावांकडे वळल्या. "आणि अंकल, मैं बोली थी ना, जगह बदल बदल के मारो? रोज याच ठिकाणी टोचता ना?"

हिम्मतरावांची मान खाली गेली. जन्मभर एका खुणेवर मोजणीची साखळी धरायची सवय; त्यांनी बोक्यावरही हद्दीचा दगड रोवला होता.

"त्यानंच झाली असेल. पण अंदाजानं सांगणार नाही. सुईनं पाणी काढून काचेवर तपासायला पाठवते. तोवर इन्सुलिन पाहिजेच."

घरी आल्यावर बाईंनी पेढे मोलकरणीला देऊन टाकले. पण सुईला त्या तयार होईनात. "गाठीचं काय ते कळू द्या. कॅन्सर असला आणि मी धरून सुई दिली, तर ते माझ्या हातून झालं ना?" हिम्मतरावांनी टोपली उचलली. सकाळी ऑटो, संध्याकाळी ऑटो. दवाखान्यात टोचून घ्यायचं आणि परत. ऑटोवाला रोज मांजराकडे बोट दाखवून तेलुगू मिसळत विचारायचा, "साब, पिल्ली को नौकरी लगी क्या?"

धोंड्याच्या जेवणाच्या दिवशी संध्याकाळी घरात पुरणाचा वास भरला होता. पाट, रांगोळी, चांदीची वाटी, ताटात तेहतीस अनारसे. अधिकात जावयाला वाण द्यायचं ते जाळीदार, भोकाभोकांचं, पोकळ असावं, हा रिवाज. विवेक पाटावर बसला, शेजारी अपर्णा. बाई रेशमी सोवळ्यात वाढायला आल्या आणि फोन वाजला.

हिम्मतरावांनी ऐकलं, "बहुत शुक्रिया डॉक्टरसाब" म्हटलं आणि फोन ठेवला. त्यांचा आवाज जरा ओला झाला होता. "कॅन्सर नाही. सुईच्या जागेची सूज. जागा बदलली की बसेल."

बाईंनी डोळे मिटून देवाकडे हात जोडले. अपर्णा म्हणाली, "थँक गॉड!"

आणि विवेकनं टाळी वाजवली.

"बघा! मी काय म्हणत होतो? कॅन्सर नाही निघाला! हा रिझल्ट आहे, बाबा. कॅप्सूलनं आतल्या आत काम केलं. उद्या आबिड्सच्या हॉटेलात आमची मीटिंग आहे. आई, तुम्ही दिवाणजींना घेऊन या. स्टेजवर दोन शब्द बोला. आणि आता परत सुई चालू करू नका, सगळं वाया जाईल."

हिम्मतरावांच्या कपाळाची शीर उडाली. पण ते जावयाकडे बघतच नव्हते. ते बायकोकडे बघत होते. बाईंच्या हातात धोंड्यांचं पातेलं होतं, त्यावर तूप ओतलेलं होतं, आणि दाराशी दिवाणजी टाचा टेकवत येऊन पाण्याच्या भांड्यापाशी आडवे झाले होते. संध्याकाळच्या सुईची वेळ झाली होती.

बाईंनी पातेलं खाली ठेवलं.

"अहो, सुई भरा."

"आई, तुम्ही सोवळ्यात आहात!" अपर्णा म्हणाली.

"दिसतंय मला." त्या खाली बसल्या आणि रेशमी पदरात बोका ओढून घेतला. "ह्याची पाळी आधी आहे."

"पण आई, मी सांगतोय ना..."

"विवेकराव, तुम्ही नारायण आहात," बाई म्हणाल्या. "नारायणाला भूक सोसते. ह्याला नाही सोसत."

हिम्मतरावांनी या वेळी मानेऐवजी कुशीवर जागा शोधली, नीट, उलट्या बाजूला. दिवाणजींनी हूं की चूं केलं नाही. मग बाई उठल्या, "आता परत अंघोळ आली. बसा तसेच," म्हणून न्हाणीघरात गेल्या. जावई पुरणाच्या वासात, रिकाम्या पानासमोर, पाटावर मांडी घालून बसून राहिला. अधिक महिन्यात त्या घरात असं कधी घडलं नव्हतं.

वाणाची वेळ व्हायच्या आधीच हिम्मतराव व्हरांड्यात गेले. तिथं एका डब्यात बाईंनी कॅप्सूलची सगळी टरफलं साठवली होती. रंगीत आहेत, टाकून द्यायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. तो डबा हिम्मतरावांनी अनारशांच्या ताटात मधोमध ठेवला आणि ताट दोन्ही हातांनी, वाकून, पुढे केलं.

"घ्या, जावईबापू. आत काही नाही, पोकळ आहे. रिवाजात बसतं."

विवेकनं हसायचा प्रयत्न केला. या खेपेला मात्र ही थट्टा नव्हे, एवढं त्याला कळलं होतं.

"अहो," न्हाणीघरातून नुकत्याच आलेल्या बाई ओल्या केसांनी म्हणाल्या, "जेवू द्या की आधी त्यांना." आणि पहिला धोंडा वाढला.