खुडूक कोंबडीची नोकरी

मी एक खुडूक कोंबडी बोलतेय. नुसती कोंबडी म्हणाल तर मला राग येईल. कोंबड्या काय, गल्लोगल्ली असतात. खुडूक असणं हा आमच्यात एक पेशा आहे आणि तो पोटातून यावा लागतो.

माझा जन्म इंग्लंडातल्या नॉरफोकमधल्या एका खेड्यात, मिसेस बून नावाच्या विधवा बाईंच्या परसात झाला. रंग तांबूस, अंग भरलेलं, स्वभाव थोडा तापट. दुसऱ्याच वर्षी वसंतात मला एकाएकी वाटायला लागलं की आता उठायचं नाही. खाली अंडं असो नसो, बसून राहायचं. माणसांना हा आजार वाटतो. मिसेस बूननी मला थंड पाण्याच्या बादलीत बुडवलं, पालथ्या टोपलीखाली कोंडलं, "निर्लज्ज, फुकटखाऊ" म्हणून शिव्या दिल्या. मी टोपलीखालीही बसूनच होते.

मग एक दिवस आसपासच्या रानाचे मालक कर्नलसाहेब यांच्या इस्टेटीची गाडी दारात आली. खुडूक कोंबड्या पाहिजेत, भाड्याने. त्यासरशी मिसेस बूनचा सूर पालटला. "माझी ही लेक म्हणजे सोनं हो! हलवा तिला, हलते का बघा!" मी हलले नाही. तेवढ्यावरच माझी निवड झाली.

इस्टेटीवर आम्ही साठजणी होतो. गवताच्या पट्टीवर साठ पेट्या ओळीने मांडलेल्या आणि प्रत्येकीखाली सतरा अंडी. अंडी आमची नव्हेत, फेझंट पक्ष्यांची. फेझंट म्हणजे लांब शेपटीचा, भरजरी पिसांचा रानातला पक्षी. त्याची मादी अंडी घालते, पण बसायच्या बाबतीत तिचा भरवसा नाही. म्हणून आम्ही. आम्ही उबवायचं, वाढवायचं, रानात नेऊन सोडायचं. कोल्ह्यापासून, ससाण्यापासून जपायचं काम राखणदारांचं. आणि हिवाळ्यात कर्नलसाहेबांच्या पाहुण्यांनी येऊन ते पक्षी बंदुकीने पाडायचे. हा शेवटचा भाग आम्हाला कुणी सांगितला नव्हता. नोकरी देताना कुणी सगळं सांगत नाही.

आम्ही आलो त्याच दिवशी आणखी एकजण कामावर रुजू झाला. सिरिल टॅब, वय एकोणतीस, धाकटा राखणदार, अजून कच्चा. नॉर्विच शहरातल्या ट्राम बंद झाल्या तेव्हा त्याची कंडक्टरची नोकरी गेली. बायको विनी आणि तान्हं बाळ मेव्हणीच्या घरी एका खोलीत राहत होती. इथे नोकरी पक्की झाली की रानाच्या कडेचं रिकामं घर मिळणार होतं. पक्की करायची की नाही, ते थोरले राखणदार मिस्टर लार्टर ठरवणार होते. मिस्टर लार्टर चाळीस वर्षं या कामात होते. ते माणसांशी कमी बोलत आणि कुत्र्यांशी त्याहून कमी.

धाकट्या राखणदाराचं पहिलं काम म्हणजे आम्हाला रोज अंड्यांवरून उतरवणं. एकेकीला उचलायचं, पायाला सुतळी बांधून खुंटीपाशी ठेवायचं, दाणापाणी आणि बाकीचं उरकू द्यायचं, वीस मिनिटांत परत जिच्या तिच्या पेटीत. सिरिलला रानातलं काही कळत नव्हतं. कावळा आणि डोमकावळा यांतला फरकही त्याला मिस्टर लार्टरनी दोनदा सांगितला. पण हे काम त्याला आवडलं.

"उतरा बाई, उतरा! जेवणाचा थांबा! घाई नको, ढकलाढकली नको!" असं ओरडत तो ओळीने यायचा. साठजणींचे साठ चेहरे त्याने दोन दिवसांत पाठ केले. कुणाची पेटी कुठली, कधी चुकला नाही.

मी मात्र उतरत नसे. हात घातला की टोचायची. पहिल्या दिवशी त्याच्या मनगटातून रक्त आलं. दुसऱ्या दिवशी तो टोपी काढून म्हणाला, "बरं बाई, तुमची मर्जी. एवढ्या मनापासून बसलायत, तर उठवणारा मी कोण?" आणि झाकण लावून गेला. असं तीन दिवस चाललं.

आता नाजूक गोष्ट आहे, पण सांगते. कोंबडीला उतरवायचं ते केवळ दाण्यासाठी नव्हे. तीन दिवस न उतरलेल्या कोंबडीच्या पेटीत जे व्हायचं ते झालं. चौथ्या दिवशी मिस्टर लार्टरनी झाकण उघडलं आणि नाकाला रुमाल लावला. सतराच्या सतरा अंडी वाया.

"टॅब! हिला उतरवलं होतंस?"

"नाही, मिस्टर लार्टर. ती इतकी मन लावून... मला दया आली."

"दया आली! आणि अंडी कुजली. हिची मान मुरगळ आणि पेटी जाळून टाक."

सिरिल जागचा हलला नाही. त्याचे कान लाल झाले होते. "चूक माझी आहे, मिस्टर लार्टर. तिने तर तिचं काम जरा जास्तच केलं. तिला दुसरी अंडी द्या. ती उबवेल. नाही उबवली तर मीच जातो."

मिस्टर लार्टरनी आधी त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. "ठीक. ही पेटी तुझ्या नावावर. हिची पिल्लं रानात पोचतील तेव्हा मी मोजीन. एक जरी तुझ्या हातून हरवलं तर सरळ ट्राम पकड."

"ट्राम बंद झाल्यात, मिस्टर लार्टर."

"मग चालत जा."

मला नवी सतरा अंडी मिळाली आणि दुसऱ्या दिवशी सिरिलने मला दोन्ही हातांनी उचललं. मी टोचलं. तो म्हणाला, "टोचा हो टोचा, पण उतरा." मी उतरले.

चोवीस दिवसांनी चौदा पिल्लं निघाली. तीन अंडी वांझ होती आणि त्यांना मिस्टर लार्टरनीही दोष दिला नाही. आम्हाला कुरणात नेलं. तिथे मी गजांच्या खुराड्यात, आणि पिल्लं गजांतून आत-बाहेर. खाणं काय सांगू! उकडलेली अंडी आणि दूध-अंड्यांचं कस्टर्ड. अंडी अर्थातच आम्हा कोंबड्यांची. विचार करायला बसले असते तर घास उतरला नसता, म्हणून मी विचार केला नाही.

एका रविवारी विनी बाळाला कडेवर घेऊन आली. आधी त्या रिकाम्या घराच्या काचेला नाक लावून तिने आत पाहिलं आणि गळ्यातल्या रुमालाने खिडकी मोजली, पडद्यांसाठी. मग कुरणात येऊन कस्टर्डचं घमेलं बघत उभी राहिली.

"सिरिल, आपल्या पोराच्या दुधात मी पाणी घालते. आणि हे काय?"

"ती कर्नलसाहेबांची बाळं आहेत, विनी."

"मग आपल्याला पण कर्नलसाहेबांकडे दत्तक दे."

दोघं हसली. पण परत जाताना तिने त्या घराकडे तीनदा वळून पाहिलं. घरात पाऊल टाकलं नव्हतं तरी त्याच आठवड्यात तिने पडद्याचं कापड आणून ठेवलं.

जुलैत पिल्लं सहा आठवड्यांची झाली आणि रानात न्यायचा दिवस आला. पहाटे, पिल्लं अजून पंखाखाली असताना, खुराड्याखाली गोणपाट सरकवायचं, चारी टोकं वर बांधायची आणि सगळं बिऱ्हाड उचलून गाडीत ठेवायचं. गाडी भरली, निघाली. आमच्यापुरती जागा उरली नाही. सिरिल म्हणाला, "मी हातानेच नेतो." मिस्टर लार्टर रानाच्या तोंडाशी मोजायला उभे होते.

जवाच्या शेताच्या कडेला एक चर आहे. तो ओलांडताना सिरिलचा पाय दवाने ओल्या गवतावर घसरला. खुराडं आपटलं, गोणपाट सुटलं, मी बाहेर पडले आणि चौदा पिल्लं उभ्या जवात नाहीशी झाली. फेझंटच्या पिल्लाला घाबरल्यावर दडी मारायला शिकवावं लागत नाही. एक पान हललं नाही.

सिरिल जवात शिरला नाही. शिरला असता तर पायाखाली एखादं गेलं असतं, एवढं तो आता शिकला होता. तो चराच्या काठावर बसला. टोपी हातात घेतली.

"संपलं, बाई," तो मला म्हणाला. "आता विनीला काय सांगू? दुकानदार कापड परत घेईल का?"

माझा पाय मोकळा होता. शेतापलीकडे मिसेस बूनचं परस दिसत होतं. पिल्लं जवात होती, जव उभा होता, किडे भरपूर होते. ती आता एवढी मोठी होती की माझ्यावाचून त्यांचं फारसं अडलं नसतं. कोल्ह्याने दोन-चार नेली असती. पण कोल्हा निदान आधी कस्टर्ड चारत नाही. आणि पेट्या वाहणारे गडी नोव्हेंबरातल्या बंदुकांबद्दल काय बोलतात ते एव्हाना मी ऐकलेलं होतं. म्हणजे मला माहीत होतं. हे मी लपवणार नाही.

सिरिलकडे मी पाहिलं. माझी मान वाचवताना त्याने नोकरी पणाला लावली होती. त्याच्या मनगटावर माझ्या चोचीचे वण होते.

कोंबडीला किडा सापडला की ती एक हाक मारते. या, इथे खायला आहे, इथे धोका नाही, असा त्या हाकेचा अर्थ. माझ्या पायाखाली नुसती माती होती. मी मातीत चोच मारली आणि ती हाक मारली.

एक आलं. मग दोन. मग जव सळसळला आणि सगळी धावत आली, माझ्या पायाशी किडा शोधत. सिरिल एकेकाला उचलून कोटात ठेवत होता आणि पुटपुटत होता, "या बाबांनो, या." चौदा भरली.

रानाच्या तोंडाशी मिस्टर लार्टरनी मोजली. सिरिलने पडल्याचं लपवलं नाही, सगळं सांगितलं. म्हाताऱ्याने माझ्याकडे बोट केलं. "कोंबडी हुशार आहे," तो म्हणाला. "शनिवारी घराची किल्ली घेऊन जा, टॅब."

मिसेस बूनकडून सिरिलने मला मागून घेतलं. त्या घराच्या अंगणात मी आता राहते. खिडकीला निळे पडदे आहेत. बाळ रांगतं आणि माझी शेपटी ओढतं.

नोव्हेंबरात सकाळपासून रानात बार वाजत होते. पहिल्या बारालाच मी अंगणात थांबले आणि जेवणवेळेपर्यंत थांबलेलीच होते. संध्याकाळी सिरिल आला. राखणदाराला मिळणारी फेझंटची जोडी त्याच्या हातात होती, माना लोंबत होत्या. विनी दारात आली.

"कर्नलसाहेब काय म्हणाले?"

"म्हणाले, इतके उंच उडालेले पक्षी बऱ्याच वर्षांत पाहिले नाहीत. माझं नाव घेऊन म्हणाले, विनी. सगळ्यांसमोर." मग त्याला मी दिसले. त्याने ती जोडी पाठीमागे धरली. दुसऱ्या हाताने खिशातून मूठभर गहू काढून माझ्यापुढे टाकला आणि माझ्याकडे न बघता आत गेला. मी गहू खाल्ला. भूक लागली होती.

तेव्हापासून किडा सापडला तरी मी हाक मारत नाही. घशापर्यंत येते, मी ती किड्याबरोबर गिळून टाकते.

आता पुन्हा एप्रिल आहे आणि मी पुन्हा खुडूक झाले आहे. त्याला माझा इलाज नाही. कालच मिस्टर लार्टर फाटकाशी येऊन म्हणाले, "टॅब, त्या हाक मारणाऱ्या कोंबडीला सगळ्यात चांगली अंडी दे." म्हणजे आम्हा दोघांनाही बढती मिळाली.

सिरिल अंड्यांची टोपली घेऊन अंगणात उभा आहे. मला एवढंच सांगायचंय त्याला, आणि या कामावर नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला. अंडी ठेवा आणि जा. मला लेक म्हणू नका, सोनं म्हणू नका, टोपी काढू नका. मी बसणार आहे. फक्त पिल्लं निघाली की त्यांना हाक मारायला मला सांगू नका.