हिरव्या रेघेच्या पुंगळ्या

काडतुसाची रिकामी पुंगळी ताजी होती. आतल्या कडेला काजळी होती आणि नाकाशी नेली तर जळक्या पावडरीचा वास येत होता. बुडावर हिरवी रेघ होती. बाबांना जाऊन दोन महिने झाले होते, आणि हिरवी रेघ फक्त बाबांची.

गुरुवारी नेमबाजीला येणाऱ्या मंडळींत प्रत्येकाचा एक रंग असतो. पिस्तुलातून पुंगळ्या उडतात, खडीत आणि गवतात पडतात, एकमेकांत मिसळतात. म्हणून ज्याने त्याने आपल्या पुंगळ्यांच्या बुडावर मार्करने रेघ मारून ठेवायची. क्लाइडकाकांची लाल, ओन्नीकाकांची काळी. पितळ एका बारात संपत नाही. घासून, बुडात बार पेटवणारी नवी टोपी बसवून, नवी पावडर आणि वर नवी गोळी घातली की तीच पुंगळी पुन्हा चालते, आणखी कितीतरी वेळा. कुणी गेलं तर त्याचा रंग दुसरा कुणी घेत नाही. असा नियम कुणी केलेला नाही, पण घेत नाही.

बर्फ पडायच्या आत मैदान एकदा झाडून पितळ गोळा करायचं असतं. यंदा पाळी बाबांची होती. आई म्हणाली, "तू जा. मला ती जागा बघवणार नाही." म्हणून मी बादली आणि दाताळं घेऊन सकाळीच आले होते. जुन्या तांब्याच्या खाणीतून काढून टाकलेल्या दगडांचा डोंगर आहे, त्याच्या पायथ्याशी आमचं मैदान. तीन बाजूंनी दगड, चौथ्या बाजूला पत्र्याचं छप्पर, त्याखाली लाकडी बाकं आणि जमिनीवर एक पिवळी रेषा.

एखादी पुंगळी मागच्या वर्षीची राहून गेली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण मागच्या वर्षीचं पितळ एव्हाना तपकिरी पडतं. हे लखलखत होतं. दाताळं बाजूला ठेवून मी हातांनी गवत चाचपायला लागले. आणखी एक मिळाली. मग एकमेकींजवळ पडलेल्या तीन. आणि मग ती.

ती पुंगळी बुडाच्या जरा वर एका अंगाने फुगली होती. बोट फिरवलं तर पोट आल्यासारखं लागत होतं. बुडातली टोपी इस्त्री फिरवल्यासारखी सपाट झाली होती. काडतुसं भरणाऱ्या माणसाला हे वाचता येतं, आणि मी अशा माणसाच्या घरात वाढले. आत पावडर जास्त होती. आणखी थोडी असती तर पितळ फाटलं असतं, आणि पिस्तूल ज्याच्या हातात होतं त्याचा हात, कदाचित डोळाही.

मागच्या हिवाळ्यात बाबांनी खूप काडतुसं भरली. तळघरात जायचे आणि जेवणाची हाक मारेपर्यंत वर येत नसत. आम्हाला बरं वाटायचं, कारण वर असले की ते आईला विचारायचे, आपण घरी कधी जायचं. मी सुट्टीत आले तेव्हा एकदा खाली गेले. ते काडतुसं भरण्याच्या यंत्रासमोर, प्रेससमोर बसले होते. एका पुंगळीत पावडर पडली. त्यांनी ती पुढे सरकवली नाही. दांडा पुन्हा ओढला. पुन्हा पावडर पडली. मग त्यांनी तिच्यावर गोळी बसवली आणि नीट डब्यात ठेवून दिली. आयुष्यभर प्रत्येक पुंगळीत टॉर्च मारून डोकावणारा माणूस. त्याच दुपारी मी प्रेसचा दांडा काढून नेला आणि जेवढी भरलेली काडतुसं सापडली तेवढी सगळी गोळा करून फोडली. बाहेर आई बाबांबद्दल सांगायची, रेनोची मनगटं दुखतात, म्हणून तो हल्ली येत नाही.

फोनला तिथे रेंज येत नाही. मी दगडांच्या ढिगावर चढले आणि आईला लावला.

"आई, बाबांची भरलेली काडतुसं कुणाला दिलीस का?"

"नाही गं. ती तूच नेलीस ना सगळी?"

"नीट आठव. अंत्यविधीनंतर चर्चमध्ये कॉफीला सगळे होते तेव्हा?"

"क्लाइडला एक डबा दिला. बिस्किटांचा, निळा. त्याने रेनोचं काहीतरी मागितलं. मला वाटलं रिकाम्या पुंगळ्या आहेत. जड होता खरा." मग आवाज बदलला. "का? काय झालं?"

"काही नाही. बघते मी."

क्लाइडकाकांच्या घरचा फोन वाजत राहिला. मोबाइल ते बाळगत नाहीत. म्हणतात, खाणीत बापाला कुणी फोन करत नव्हतं, तरी तो वेळेवर जेवायला यायचा. आज गुरुवार होता. मंडळी दुपारी जमतात. मी खाली उतरले आणि वाट बघत बसले. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं, म्हणून पितळ वेचत राहिले. प्रत्येक पुंगळी उलटी करून बघायची. लाल. काळी. लाल. हिरवी दिसली आणि ती फुगलेली नाही असं कळलं की मोजणी पुन्हा सुरू: डब्यातलं आणखी एक चांगलं काडतूस उडवून झालं, म्हणजे वाईट असतील ती अजून डब्यातच आहेत.

दुपार व्हायच्या बरंच आधी क्लाइडकाकांची पिकअप उतरणीवरून आली. ते उतरले. एका हातात पिस्तुलाची पेटी, काखेत निळा डबा.

"अरे वा, प्राध्यापक बाई जमिनीवर!" ते म्हणाले. "कॉलेजात पगार देत नाहीत वाटतं, पितळ वेचायची वेळ आली."

"क्लाइडकाका, तो डबा मला द्या."

"आधी नमस्कार-चमत्कार तरी कर, पोरी. तुम्हा फिन लोकांचं हे असंच. दोन वाक्यं एका दमात बोललात तर समजावं घराला आग लागलीय."

"लागलीच आहे असं समजा." मी फुगलेली पुंगळी त्यांच्या तळहातावर ठेवली.

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पुंगळी डोळ्यांजवळ नेली, फिरवली. बघायला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ बघितली. मग माझ्या बादलीत टाकली.

"माझ्या पिस्तुलाची नळी ढिली झालीय. जुनं झालं ते. माझ्यासारखंच."

"टोपी बघितलीत?"

"बघितली."

"हा बार तुम्हाला जोरात लागला नाही?"

"थंडीत मनगट धरतं माझं." ते बाकापाशी गेले, डबा उघडला. "हे बघ लिनेया. मी दर गुरुवारी सगळ्यांच्या आधी येतो, रेनोची थोडीशी उडवतो, बाकीची ठेवतो. एवढंच. पुरवून पुरवून वापरतोय. ही संपली की संपली."

"दुसऱ्याने भरलेलं काडतूस उडवायचं नाही, हे मला तुम्हीच शिकवलंत."

"दुसऱ्याने. रेनो दुसरा नव्हता." ते बोटांनी एकेक काडतूस पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये सरकवत होते. "चाळीस वर्षं त्याच्या शेजारी उभा राहिलोय. त्या माणसाने उभ्या आयुष्यात एका पुंगळीत दोनदा पावडर घातली नाही. आणि आज त्याची मुलगी मला सांगतेय. त्याला मातीत घालून जेमतेम दोन महिने झालेत. लाज वाटली पाहिजे."

मॅगझिन भरलं. त्यांनी कानावर आवाज अडवणारे मफ चढवले. माझं पुढचं बोलणं त्यांना ऐकू गेलं नाही, किंवा ऐकायचं नव्हतं म्हणून मफ चढवले. पिस्तुलाची पेटी अजून बंद होती. त्यांचा हात तिच्या कडीकडे गेला.

मी बादली उचलली आणि पिवळी रेषा ओलांडून मैदानात चालत गेले.

"पुढे!" मी ओरडले. पितळ वेचायला आत जाताना असंच ओरडतात.

हा शब्द ऐकला की हात थांबतात. विचार नंतर येतो. क्लाइडकाकांनी पेटी सोडली, मॅगझिन बाकावर ठेवलं, दोन पावलं मागे सरकले आणि हात मोकळे दिसतील असे धरून उभे राहिले. कुणी रेषेच्या पुढे असेल तर बंदुकीला हात लावायचा नाही. या नियमावर या मैदानात कुणी कधी विनोदसुद्धा केलेला नाही.

मी वाकले आणि पितळ वेचायला लागले.

त्यांनी मफ काढले. "झालं का?"

"नाही. अजून बरंच पडलंय."

"लिनेया, बाहेर ये."

"तुम्ही डबा बंद करा. मग येते."

"हा चावटपणा आहे."

"असेल."

वारा दगडांवरून खाली येत होता. मला घाम फुटला होता. ते तसेच उभे होते. बहात्तर वर्षांचा माणूस, हात अंगापासून लांब धरून. आता मला ते बोलावं लागणार होतं. आईने आणि मी वर्षभर ते बाहेर जाऊ दिलं नव्हतं.

"क्लाइडकाका, बाबांची मनगटं दुखत नव्हती."

त्यांनी डब्याकडे बघितलं.

"ते आईला विचारायचे, तुमचे यजमान कधी येणार. एकदा बूट ओव्हनमध्ये ठेवले आणि ओव्हन लावला. मी त्यांना प्रेसवर बघितलंय. एकाच पुंगळीत दोनदा. माझ्यासमोर. मी मागे उभी आहे हे त्यांना कळलंही नाही."

"किती होती अशी?"

"माहीत नाही. मी सापडली ती सगळी फोडली. तुमच्या डब्याचं मला ठाऊक नव्हतं."

त्यांनी हात हळूहळू खाली घेतले. "फेब्रुवारीत मी आलो होतो," ते म्हणाले. "खिमा भरलेली पास्टी घेऊन. त्याने दार उघडलं आणि विचारलं, काय विकायला आलात? मी हसलो. म्हटलं, लेका, तुझी अक्कल, स्वस्तात. तोही हसला. मग मी घरी गेलो. पुन्हा गेलोच नाही बघ. मनगटं दुखतात म्हणे, मग कशाला त्रास द्या."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. ते गाडीकडे गेले आणि काडतुसं सुटी करायचा प्लास्टिकचा हातोडा आणि एक थाळी घेऊन आले. काडतूस त्याच्या डोक्यात उलटं बसवायचं आणि हातोडा कठीण जागी आपटायचा. झटक्याने गोळी आणि पावडर सुटून आत पडते. मी रेषेबाहेर आले. त्यांनी पहिलं काडतूस बसवलं आणि लाकडी ठोकळ्यावर आपटलं. थाळीत पावडर ओतली. काळपट चकत्यांचा छोटासा ढीग.

"बरोबर आहे," ते म्हणाले.

दुसरं. बरोबर. तिसरं, चौथं. दर वेळी ढीग तेवढाच, चिमूटभर इकडे ना तिकडे. क्लाइडकाका माझ्याकडे बघत नव्हते, पण त्यांची मान हळूहळू ताठ होत चालली होती. मला वाटायला लागलं की ती फुगलेली पुंगळी एकटीच असेल. मला वाटायला लागलं की तसं असावं, आणि मी खोटी ठरावी, आणि त्यांनी गावभर सांगावं की रेनोच्या मुलीचं डोकं फिरलंय.

मग एक ठोका पडला आणि थाळीत पावडर पडतच राहिली.

ढीग दुप्पट होता. आधीच्या ढिगांशेजारी लहान मुलालाही फरक दिसला असता. क्लाइडकाकांनी हातोडा उलटा धरून झटकला, आत काही राहिलं का ते बघितलं. मग तो खाली ठेवला आणि उजवा हात डाव्या हातात धरून बसले.

"हे मी आजच्या मॅगझिनमध्ये घातलं होतं," ते म्हणाले. "मॅगझिनमधली काढूनच सुरुवात केली मी."

उतरणीवर दुसरी गाडी वाजली. ओन्नीकाका. ते उतरून आले आणि थाळीतली पावडर, सुटलेल्या गोळ्या, निळा डबा बघून थांबले.

"हे काय रे म्हाताऱ्या? रेनोची काडतुसं फोडतोस? वेड लागलं का तुला?"

"ओल लागली," क्लाइडकाका पटकन म्हणाले. "तळघरातली ओल. पावडर बाद झाली. तुला मूठभर दिली होती ना मी, तीही दे इकडे."

"माझी ठणठणीत आहेत." ओन्नीकाकांनी खांद्यावरच्या पिशवीवर थाप मारली. "आजच मॅगझिनमध्ये भरून आणलीत. फार तर काय, एखादं फुसकं निघेल. तुझ्या बारापेक्षा फुसकं नाही निघणार. रेनोची आठवण म्हणून उडवतो आणि बघतो."

क्लाइडकाका माझ्याकडे बघत होते. त्यांना काय हवं होतं ते मला कळत होतं. तेच मलाही हवं होतं.

"ओन्नीकाका," मी म्हणाले, "ओल नाही. शेवटच्या हिवाळ्यात बाबांचं डोकं ठिकाणावर नव्हतं. ते एका पुंगळीत दोनदा पावडर भरत होते. त्यांना कळत नव्हतं. हा ढीग बघा."

ओन्नीकाकांनी थाळीकडे बघितलं. साधा आणि दुप्पट ढीग शेजारी शेजारी होते. ते वाकले, जवळून बघितलं, आणि तसेच वाकलेले राहिले. मग त्यांनी पिशवी बाकावर ठेवली, पिस्तूल बाहेर न काढता आतूनच मॅगझिन चाचपून काढलं, आणि अंगठ्याने एकेक काडतूस बाकावर ढकलायला लागले. शेवटचं निघालं तसा त्यांनी खिसाही रिकामा केला.

"हातोडा एकच आहे का?" त्यांनी विचारलं.

"एकच," क्लाइडकाका म्हणाले.

"मग सरक तिकडे."